विमानात न्यायची पाठीवरची बॅग: सात किलोंचा हिशेब आणि शिवणीची पारख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही घणसोलीत राहता, ऑफिसच्या कामासाठी अधूनमधून बंगळुरू, हैदराबाद, दिल्लीला तीन-चार दिवस जावं लागतं आणि डिसेंबरात पत्नीबरोबर बँकॉकचा बेत आहे. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळायचं नाही, म्हणून केबिनमध्ये नेता येईल अशी पाठीवरची एकच बॅग हवी. बजेट पाच-सहा हजार. चाळीस लिटरची घ्यावी की तीसची, वॉटरप्रूफ हवी का, चाकांची बरी का, आणि तीच बॅग पत्नीला चालेल का?

मी ठाण्यात बॅगा शिवतो आणि त्याहून जास्त दुरुस्त करतो. बॅग दुकानात कशी दिसते यापेक्षा दोन वर्षांनी ती कुठे उसवते, हे मला जास्त ठाऊक आहे. तेव्हा उत्तर त्या बाजूने देतो.

आधी निकाल सांगून टाकतो. ३० ते ३५ लिटर. रिकामी असताना सव्वा किलोच्या आसपास. सूटकेससारखी तिन्ही बाजूंनी उघडणारी. चाकं नकोत. आणि पैसे द्यायचे ते चेन आणि खांद्याच्या पट्ट्यांच्या शिवणीला, कप्प्यांच्या संख्येला नाही.

चाळीस लिटरचा मोह सगळ्यांना होतो, कारण किमतीत फार फरक नसतो आणि ‘जागा असलेली बरी’ असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण आपल्याकडे देशांतर्गत इकॉनॉमीत अडचण जागेची नसते, वजनाची असते. इंडिगो, अकासा यांची केबिन बॅगेची मर्यादा ७ किलो आणि ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर. एअर इंडियाचं मापही बेरजेने ११५ सेंटीमीटरच, फक्त बाजू जरा वेगळ्या. गुणाकार केलात तर ५५ × ३५ × २५ म्हणजे ४८ लिटरचा खोका होतो. म्हणजे चाळीस लिटरची बॅग मापात बसते. पण ती भरली की सात किलोंत राहत नाही, आणि आपण बॅग अर्धी ठेवणाऱ्यांतले नाही.

तुमचाच हिशेब मांडू. बॅग १.२ किलो. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर मिळून साधारण २ किलो. पॉवर बँक, केबल, इअरफोन अर्धा किलो. दाढीचं सामान, टूथपेस्ट, औषधं अर्धा किलो. झाले ४.२. उरले २.८. त्यात तीन शर्ट (पाऊण किलो), एक पँट (अर्धा किलो), आतले कपडे आणि मोजे (अर्धा किलो), रात्रीचा टी-शर्ट आणि शॉर्ट (चारशे ग्रॅम). एकूण साडेसहाच्या आत. जीन्स आणि जड बूट अंगावर घालून जायचं, ते बॅगेत टाकायचे नाहीत. हे सगळं ३० लिटरमध्ये आरामात मावतं. आता याच सामानासाठी पावणेदोन किलोची भक्कम बॅग घेतलीत, तर एकूण सातच्या अगदी काठावर जातं, हाताशी जेमतेम शंभर ग्रॅम उरतात. म्हणून मी लेबलवरचे लिटर वाचण्याआधी बॅग रिकामी करून वजनकाट्यावर ठेवायला सांगतो. दुकानदार कुरकुर करतो, करू दे. घरी वजन बघायचं असेल तर बॅग पाठीला लावून काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा.

लॅपटॉपची लहान बॅग किंवा पर्स वेगळी नेऊ देण्याची सवलत बऱ्याच कंपन्या देतात, इंडिगोही देते. पण बँकॉकला जाताना त्यावर विसंबू नका. एअरएशियात दोन नग नेता येतात, पण दोन्ही मिळून ७ किलो. पुढेमागे युरोपात गेलात तर रायनएअरच्या साध्या तिकिटावर फुकटात फक्त सीटखाली सरकणारी ४० × ३० × २० सेंटीमीटरची बॅग जाते. तिथे ही आपली बॅगही चालणार नाही, वरचे पैसे भरावे लागतील. ज्या तिकिटावर जाणार त्याचाच नियम वाचायचा, मित्राचा अनुभव ऐकायचा नाही.

लिटरच्या आकड्याबद्दल आणखी एक. बॅगेत प्लास्टिकचे छोटे गोळे भरून आकारमान मोजायची एक प्रमाण पद्धत आहे, पण लेबलवर आकडा छापणारा प्रत्येक जण ती पाळतोच असं नाही. कुणी बाहेरचे जाळीचे खिसेही धरतो, कुणी फक्त मुख्य कप्पा. त्यामुळे एका कंपनीचे ३० लिटर दुसऱ्याच्या ३५ ला भारी पडतात. टेप घेऊन जा आणि बॅग भरलेली असताना जाडी मोजा. रिकामी बॅग वीस सेंटीमीटर जाड दिसते, पुढच्या खिशात जॅकेट कोंबलं की अठ्ठावीस होते, आणि विमानतळावरच्या मापाच्या पिंजऱ्यात नेमकं ते पोट अडकतं. दोन्ही बाजूंना आवळायचे पट्टे असतील तर हे पोट आत घेता येतं. असे पट्टे बघून घ्या.

आता विमान जरा बाजूला ठेवा, कारण बॅगेचे हाल विमानात होतच नाहीत. घणसोलीहून मुंबई विमानतळाच्या टी-टूला, म्हणजे दुसऱ्या टर्मिनलला, जायचं तर ट्रान्सहार्बरने ठाणे, तिथून घाटकोपर, जिना चढून मेट्रो, मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो तीन, आणि मग टर्मिनल. डिसेंबर २०२५ पासून उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली, तेव्हा काही वेळा हा फेरा टळेल. पण तिथेही रिक्षा, स्टेशन, जिने आहेतच. चाकांच्या बॅगेचा निकाल इथेच लागतो. चाकं आणि ओढायचा दांडा मिळून किलोभर वजन वाढतं, ते सात किलोंतून जातं, आणि घाटकोपरच्या जिन्यावर सकाळी नऊ वाजता चाकांचा उपयोग शून्य. चाकं असलेली पाठीवरची बॅग ओढायलाही धड नसते आणि पाठीवरही टोचते. ज्यांना पाठीचं दुखणं आहे त्यांनी सरळ छोटी ट्रॉली घ्यावी. मधला प्रकार घेऊ नये.

लोकलमध्ये बॅग पुढे छातीवर घ्यायची सवय आपल्याला असतेच. पंचवीस सेंटीमीटरहून जाड बॅग पुढे घेऊन दारात उभं राहून बघा, डबाभर लोक तुमच्याशी बोलायला लागतील. पातळ आणि उभट बॅग इथे सुखाची. रॅकवर टाकायची तर वरचा आणि बाजूचा, असे दोन्ही धरायचे बंद मजबूत हवेत, कारण रॅकवरून आणि विमानातल्या वरच्या कप्प्यातून बॅग बाजूच्या बंदानेच ओढली जाते.

शिवणीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. माझ्याकडे येणाऱ्या बॅगांत कापड फाटलेलं क्वचितच असतं. खांद्याचा पट्टा जिथे पाठीच्या पॅनेलमध्ये शिरतो ती वरची शिवण सुटलेली असते. दुकानात हे तपासायला पाच मिनिटं लागत नाहीत. बॅगेत निदान तीन-चार किलो वजन टाका, पट्टा एका हातात धरा आणि बॅग लोंबती ठेवून हलका झटका द्या. मग वाकून त्या सांध्याकडे बघा. शिवणीच्या टाक्यांमध्ये फट पडून दोरा दातांसारखा दिसत असेल, तर ती बॅग वर्षभरात माझ्याकडे येणार. चांगल्या कामात पट्ट्याचं टोक दोन थरांच्या मध्ये दोन-अडीच सेंटीमीटर आत घेतलेलं असतं, वरून आणखी एक पट्टी टाकलेली असते आणि चौकोनात फुली मारल्यासारखी किंवा एकाच जागी दाट मागे-पुढे टीप असते. साध्या कामात पट्टा कडेलाच एका टिपेत पकडलेला असतो आणि वर सुंदर पायपिंग, म्हणजे कडेची गोलसर गोट, लावलेली असते. पायपिंगला भुलू नका, अंगठ्याने ती बाजूला सारून खालची टीप बघा.

खालचं टोकही तसंच. पट्ट्याची नाडी बॅगेच्या खालच्या कोपऱ्यात थेट शिवलेली नसावी, मध्ये कापडाचा त्रिकोण असावा. त्या त्रिकोणामुळे ओढ पसरते. नाडी गुळगुळीत आणि पातळ असेल तर चालताना बकलमधून सरकत राहते आणि दर दहा मिनिटांनी पट्टा आवळावा लागतो. बकलमध्ये नाडी घालून जोरात ओढा, जागची हलली की नापास.

यानंतर बॅग उलटी करा. खरंच, आतली बाजू बाहेर काढून बघा. आतल्या शिवणींच्या कडा पट्टीने बंद केलेल्या असाव्यात. कच्च्या कडांचे धागे सुटायला लागले की एक तर शिवण उसवते, नाहीतर ते धागे चेनमध्ये अडकतात. अस्तर फार सैल असेल तर तेही चेनमध्ये येतं, आणि मग घाईच्या वेळी ओढाताण करून माणूस रनर, म्हणजे चेन उघडबंद करायची सरकती कडी, तोडतो.

चेनबद्दल बोललं पाहिजे. पूर्ण उघडणाऱ्या बॅगेत सगळा ताण चेनवर असतो. चेनच्या मापाचे आकडे असतात: मुख्य कप्प्याला ८ किंवा १० नंबरची हवी, बाहेरच्या खिशांना ५ चालते. रनरवर वायकेके कोरलेलं असलं की लोक निर्धास्त होतात. कंपनी चांगली आहे, जपानची, १९३४ पासूनची. पण तिच्या नावाचे रनर नकली चेनवरही चढवलेले सापडतात. म्हणून हाताने पारखा. रनर एका बोटाने कोपऱ्यावरून फिरवा. कोपरा गोल असेल तर तो अलगद वळतो, काटकोनी असेल तर तिथे अडखळतो, आणि वर्षभरात त्याच कोपऱ्यात दात निसटायला लागतात. बंद करताना ठासून भरलेली बॅग रनरने ओढून बंद करू नका. आधी दोन्ही कडा हाताने जवळ आणा, मग रनर फिरवा. आणि चेन मागून उघडायला लागली तर बॅग टाकून देऊ नका. दहातल्या आठ वेळा दात शाबूत असतात, रनर सैल झालेला असतो. रनर बदलणं हे किरकोळ काम आहे, कुठल्याही स्टेशनबाहेर होतं. फक्त पक्कडीने दाबून बसवलेला रनर जास्त दिवस टिकत नाही, नवाच टाकून घ्या.

कापडावर ४२०, ८४०, १००० असे डेनियरचे आकडे असतात. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढंच. जाड धाग्याचं स्वस्त पॉलिस्टर आणि पातळ धाग्याचं चांगलं नायलॉन यांत घासायच्या बाबतीत नायलॉनच जिंकतं. शहरी प्रवासाला ४२० च्या आसपासचं नायलॉन पुरतं. तळाला मात्र जाड कापड किंवा दुहेरी थर हवा, कारण रिक्षाच्या ओल्या फरशीवर आणि फलाटावर तळच टेकतो.

वॉटरप्रूफचं म्हणाल तर त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका. कापड पाणी अडवतं, पण सुईची प्रत्येक टोचणी हे एक भोक असतं आणि चेन ही सर्वांत मोठी फट. रेनकव्हर आपल्या पावसात अर्धवट कामाचं. ते पुढून झाकतं, पण मानेवरून उतरणारं पाणी पाठ आणि बॅग यांच्यामधून थेट पाठीच्या फोमात जातं, जिथे बहुतेक बॅगांत लॅपटॉप असतो. खात्रीचा उपाय साधा आहे. कपड्यांना आत एक जाड प्लास्टिकची पिशवी, लॅपटॉपला वेगळं बंद होणारं कव्हर. जून ते सप्टेंबर एवढं करा, कव्हर असो वा नसो.

पाण्यापेक्षा आपल्याकडच्या बॅगांना दमट हवा जास्त खाते. कापडाच्या आतून पाणी अडवायला पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, लेप दिलेला असतो. दमटपणात काही वर्षांत तो चिकट होतो, वास मारतो आणि पापुद्रे सुटून कपड्यांना चिकटतात. खाडीकाठच्या सोसायट्यांतून, माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या बॅगा अशा अवस्थेत माझ्याकडे येतात. लेप गेला की दुरुस्ती नाही, फक्त खरवडून काढता येतो. म्हणून प्रवासाहून आल्यावर बॅग उघडी करून दिवसभर पंख्याखाली ठेवा, प्लास्टिकमध्ये बांधू नका, वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. पट्ट्यांवर घामाचे पांढरे डाग पडतात, ते ओल्या फडक्याला सौम्य साबण लावून पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच कपाटात.

कप्पे. लॅपटॉपचा कप्पा मुख्य कप्पा न उघडता बाहेरून उघडता आला पाहिजे, कारण सुरक्षा तपासणीत लॅपटॉप आणि पॉवर बँक बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. मागे रांग असताना संपूर्ण बॅग उघडून अंतर्वस्त्रांचं प्रदर्शन कुणाला करायचंय? त्या कप्प्यात हात घालून तळ चाचपा. लॅपटॉपचा तळ बॅगेच्या तळापासून दोन-तीन सेंटीमीटर वर टांगलेला हवा. नसेल तर फलाटावर बॅग आपटली की लॅपटॉपचा कोपरा जमिनीवर आपटतो. बाकी एक पटकन हाताला येणारा वरचा खिसा, पाठीच्या बाजूला पासपोर्टचा एक, बाटलीचा एक. पुरे. बाहेरून यूएसबीचं भोक असलेल्या बॅगा निघाल्या आहेत. त्यात आत एक वायर असते, बॅटरी तुमचीच. पाणी शिरायला आणखी एक जागा, याशिवाय त्यातून काही मिळत नाही.

पॉवर बँक त्या वरच्या खिशातच ठेवा. ती चेक-इन सामानात चालत नाही, केबिनमध्येच न्यावी लागते, आणि मर्यादा १०० वॉट-अवरची (बॅटरीत किती ऊर्जा साठते त्याचं हे माप). २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-अवरची होते, म्हणजे बसते. विमान भरलं की कधीकधी गेटवर बॅगा खाली पाठवायला घेतात. तेव्हा ती दोन सेकंदांत काढता आली पाहिजे. आणि घरून निघताना कुणी लोणच्याची बरणी किंवा सुकं खोबरं दिलं, तर प्रेमाने परत ठेवा, तपासणीत अडतं. लाडू, चकल्या बिनधास्त न्या, फक्त वजन लक्षात ठेवा.

कमरेचा पट्टा सात किलोंना लागत नाही. स्कॅनरच्या पट्ट्यावर तो लोंबतो, रॅकमध्ये अडकतो. काढता येणारा असेल तर काढून घरी ठेवा. छातीवरचा आडवा पट्टा मात्र हवा, चालत्या गर्दीत पट्टे खांद्यावरून घसरत नाहीत. खांद्याचा फोम अंगठ्याने पूर्ण दाबा आणि सोडा. लगेच वर आला पाहिजे. दुकानात गुबगुबीत वाटणारा मऊ फोम सहा महिन्यांत पापडासारखा होतो. जरा कडक वाटणारा टिकतो.

दुकानात जाताना लॅपटॉप आणि पाण्याच्या एकेक लिटरच्या चार बाटल्या सोबत न्या. बाटल्यांचे चार किलो, लॅपटॉपचे दीड, आणि बॅग धरून पावणेसात होतात. आतले कागदाचे बोळे काढायला लावा, हे सामान भरा आणि बॅग लावून दहा मिनिटं मॉलमध्ये फिरा. काही हसतील. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत बघून घ्या आणि हीच चाचणी घरी, लेबल न तोडता करा. नऊ हजारांची छापील किंमत आणि साडेतीन हजारांची विक्री यावर जाऊ नका. तुमच्या पाच-सहा हजारांत वाइल्डक्राफ्ट, सफारी, अमेरिकन टुरिस्टर, डेकॅथलॉनच्या बॅगा मिळतात. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत शिवणीचा फरक जमीन-अस्मानाचा असतो, म्हणून मी कंपनीचं नाव सुचवत नाही. वॉरंटीच्या कागदावर शिवण आणि चेन दोन्हींचा उल्लेख आहे का तेवढं वाचा. आणि सगळं आवडलं पण वरच्या सांध्याची टीप कच्ची वाटली, तर बॅग घ्या आणि प्रवासाआधी कुठल्याही चांगल्या बॅगवाल्याकडून तिथे दाट टीप मारून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. वॉरंटी मात्र त्यानंतर सांगता येणार नाही, तेव्हा महागड्या बॅगेवर हे करू नका.

आता पत्नीचा प्रश्न. तीच बॅग चालेल का हे लिटरवर नाही, पाठीच्या लांबीवर आहे. मान वाकवल्यावर मागे जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेपने मोजा. त्या मापाहून बॅग फार उंच असेल तर चालताना खालची कड पार्श्वभागावर आपटत राहते आणि वरची डोक्याला लागते. तुमच्यात आणि त्यांच्यात या मापात चार-पाच सेंटीमीटरचा फरक असेल, तर एकच बॅग दोघांना नीट बसणार नाही. त्यांच्यासाठी ४५ ते ४८ सेंटीमीटर उंचीची, २५ ते २८ लिटरची बघा. पट्टे सरळ नसून इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले आणि एकमेकांच्या जवळ सुरू होणारे हवेत, नाहीतर ते खांद्याच्या बाहेर घसरतात आणि काखेत कापतात. बँकॉकसाठी एवढी बॅग भरपूर झाली. तिथे डिसेंबरातही सुती कपडेच लागतात, स्वेटर विमानातल्या एसीपुरता एक. खरेदी करून येणार असालच, तर घडी होणारी एक पातळ पिशवी तळाशी टाकून न्या आणि परतीच्या तिकिटावर चेक-इनचे किलो आधीच विकत घेऊन ठेवा. विमानतळावर काउंटरला तेच किलो बरेच महाग पडतात.